दसऱ्याला काय जेवलात?

दुपारचं जेवण झालं की मनोहर धुमाळ डाव्या कुशीला होतात आणि डोळ्यांवर पंचा ओढतात. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जागही नाही. मोरीत मालनताई भांडी विसळतायत ते ऐकू येतं, शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येतो, आणि डोक्यात मात्र एकच वाक्य गिरमिट फिरावं तसं फिरत राहतं. संध्याकाळी पुण्याहून प्रकाशकाचा फोन येणार. दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं त्या एका वाक्यापाशी अडलीत. ठेवू की काढू, एवढंच सांगायचंय. म्हणे एवढंच.

तुम्हाला हे प्रकरण ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर सर एवढे का धुमसतायत ते कळणार नाही.

धुमाळ सर कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचं पुस्तक आहे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या आपल्या भागातल्या मराठा शिपायांवर. त्यांची माहिती काढायची तऱ्हा साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, आणि अर्धा जिल्हा तिला हसतो. म्हाताऱ्या शिपायाला सर लढाई विचारतच नाहीत. त्याला एकट्याला गाठायचं, मुलांनातवंडांना बाहेर पिटाळायचं, आणि विचारायचं, त्या दिवशी जेवलात काय? सरांचं म्हणणं असं, की लढाई गावात सांगून सांगून गुळगुळीत होते, ती सांगणाऱ्याची राहत नाही. पण डब्यातली बिस्किटं चघळून काढलेला दिवस आणि मटण मिळालेला दिवस माणूस मरेपर्यंत विसरत नाही, आणि त्यात थाप मारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. जेवणावरून दिवस ठरतो आणि दिवसावरून पुढचं सगळं.

ह्याच तऱ्हेनं सर जोतिराम घाडग्यापाशी पोचले आणि तिथंच त्यांचं ग्रहमान फिरलं. जोतिराम खडकवणीचा. गावच्या शाळेसमोर त्याच्या नावाचा काळा दगड उभा आहे, नदीपलीकडे हल्ला करताना त्याला वीरगती मिळाली असं त्यावर कोरलंय. सरांनी त्याच्या तुकडीतले, एक सोडून, हयात होते तेवढे सगळे गाठले, निरनिराळ्या गावांत, एकाला न कळता दुसऱ्याला. प्रत्येकानं सांगितलं, दसऱ्याला बकरं कापलं होतं, आणि त्याच संध्याकाळी जोतिराम गेला. हल्ला तर दसरा उलटून गेल्यावर झाला, पावसात, उपाशीपोटी. म्हणजे हल्ल्याच्या वेळी जोतिराम या जगातच नव्हता. दोघंतिघं खाली मान घालून आणखी बोलले, की तो अंधार पडताना पहाऱ्याच्या हद्दीबाहेरून परत येत होता आणि आपल्याच पहारेकऱ्याची गोळी त्याला लागली. पहारेकरी कोण, ते कुणी सांगेना. जोतिराम हद्दीबाहेर कशाला गेला होता, ते तर कुणाला ठाऊकच नव्हतं.

इथं थांबले असते सर, तर बरं झालं असतं. पण हद्दीपलीकडे एका ओसाड मळ्यात दारूची पिंपं होती असं त्यांना कुणाच्या तरी बोलण्यात सापडलं, आणि त्यांनी लिहून टाकलं, की जोतिराम बहुधा दारूच्या शोधात बाहेर पडला असावा.

झालं. खडकवणी पेटली. आघाडीला कॅप्टन भुजंगराव पिसाळ. हे जोतिरामच्याच गावचे, त्याच्याच तुकडीतले, शिपाई म्हणून भरती झालेले आणि मानद कॅप्टन होऊन परतलेले. तो काळा दगड त्यांनीच उभा केला होता. त्यांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली, कोर्टात दावा लावला. शाळेच्या मैदानावर सर व्याख्यानाला गेले तर पोरांनी त्यांच्या तोंडावर शाई फेकली. सरही काही कमी नाहीत. त्यांनी प्रत्येक पत्राला दुप्पट लांबीचं उत्तर दिलं. मात्र सगळे साक्षीदार बोलले, एकटे कॅप्टन तेवढे कधी बोलले नाहीत. त्यांचं एकच पालुपद होतं. मी तिथं होतो, हा माणूस खोटं लिहितो, वेळ आली की काय ते सांगेन. आणि वेळ आली ती ही, की गेल्या महिन्यात ते हृदय बंद पडून गेले. सरांनी बातमी वाचली आणि मालनताईंच्या देखत वर्तमानपत्र जमिनीवर आपटलं. मेलेल्या माणसावर कुणी रागावतं का, असं ताई म्हणाल्या. सर रागावले होते आणि अजून रागावलेले आहेत. तुकडीतलं ते शेवटचं माणूस होतं.

त्यात परवा कोंडाबाई आली. जोतिरामची धाकटी बहीण, आता सत्तरी ओलांडलेली, एसटीनं एकटी आली. चहाला नको म्हणाली. पायरीवर बसूनच बोलली, "सर, गोळी आपल्याच माणसाची लागली, असू द्या. नशिबात होतं. पण माझा भाऊ दारूला नाही हो गेला. थेंबाला शिवला नव्हता कधी."

सर म्हणाले, की बहिणीचं मत हा पुरावा होत नाही. त्यावर ती चिडली नाही.

"मग कशाला गेला होता, ते तुम्ही सांगा. तेवढं कळलं की मी जायला मोकळी."

 वाक्य काढावं, तर सगळा जिल्हा म्हणणार, कॅप्टन मेल्यावर का होईना पण धुमाळ वाकला. ठेवावं, तर ती म्हातारी डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि मालनताई परवापासून सरांशी कामापुरतंच बोलतायत.

तर असे सर पडलेत, पंचा डोळ्यांवर, वाक्य डोक्यात. मोरीतली भांडी थांबतात. रेडिओ लांब कुठंतरी गेल्यासारखा होतो. आणि खोलीतली खुर्ची करकरते.

त्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो, तिच्यावर कुणी बसत नाही. सर पंचा वर करतात. कपड्यांच्या ढिगावरच कॅप्टन पिसाळ बसलेत. धोतर, काळा कोट, कोटावर पदकं, डोक्याला फेटा. बूट ओले आहेत आणि फरशीवर पाणी साचतंय. सरांना नवल वाटत नाही. उलट, आत्ता बरे सापडलात, असं वाटतं.

"कॅप्टनसाहेब, मला एकच विचारायचंय."

"विचाराल. आधी मी विचारतो. आज जेवलात काय?"

काय हा प्रश्न, सरांना वाटतं. आत्ता तर उठले ताटावरून. ते सांगायला तोंड उघडतात आणि काही आठवत नाही. भाजी होती. कसली होती? भाकरी की पोळी? ते हाताचा वास घेऊन बघतात, तर साबणाचा येतो. कॅप्टन पाय हलवत वाट बघतात.

"घ्या," ते म्हणतात. "जेवून हात सुकला नाही तुमचा. आणि म्हाताऱ्यांकडून तरुणपणीचं जेवण मागत फिरता."

सर म्हणतात, की ही झोपेतली गोष्ट आहे, इथं हा नियम लागू नाही. कॅप्टन म्हणतात, नियम तुमचा, तुम्हीच काय ते बघा. सरांना एवढा संताप येतो की ते उठून बसतात. पण बसतात ते वाचनालयाच्या बाकावर.

नगरवाचनालयाचीच खोली ही. लांब टेबल, भिंतीवर शांतता राखा अशी पाटी, आणि ओळीनं माणसं वर्तमानपत्रं उघडून बसलीत. चेहरे कुणाचेच दिसत नाहीत. प्रत्येकाच्या हातातल्या पानावर सरांचं आणि कॅप्टनांचं पत्र शेजारी शेजारी छापलंय. कॅप्टन समोर बसलेत, चष्मा लावून वाचतायत, मधेच बोटानं एखादी ओळ दाखवतायत. इथं तुम्ही मला अडाणी म्हणालात. इथं खुशमस्कऱ्या म्हणालात. सर म्हणतात, आणि तुम्ही मला काय काय म्हणालात ते वाचा की. कॅप्टन म्हणतात, तेही वाचतोय, बरं लिहिलंय मी.

सर पुढं वाकतात आणि हळू आवाजात मुद्द्याचं विचारतात. पहारेकरी कोण होता? जोतिराम बाहेर का गेला? तेवढ्यात कुणीतरी पान उलटतं, आणि त्या आवाजात प्रश्न बुडून जातो. सर पुन्हा विचारतात. पुन्हा पान उलटतं. तिसऱ्या वेळी टेबलावरची सगळीच माणसं एकदम पानं उलटतात, आणि सरांना आपलाच आवाज ऐकू येत नाही. कॅप्टन बोटानं शांतता राखा ही पाटी दाखवतात. जिवंतपणी त्यांनी एवढंच तर केलं होतं, सरांच्या मनात येतं.

"तुम्ही घरी कधी आला नाहीत," कॅप्टन म्हणतात. त्यांचं मात्र स्वच्छ ऐकू येतं. "बाकी सगळ्यांच्या घरी गेलात. माझ्याशी बोललात ते पेपरातून."

"आलो होतो. तुमच्या सूनबाई म्हणाल्या, घरी नाहीत. आणि तुम्ही आत खोकत होतात."

"खोकत होतो म्हणजे घरी होतो. थांबायचं होतं ओट्यावर."

 सर थांबले नव्हते हे खरं, पण त्यांना एसटी गाठायची होती आणि अपमान झाला होता तो वेगळाच. ते तसं सांगायला लागतात. कॅप्टन ऐकत नाहीत, उठून चालू लागतात, आणि सर मागून जातात. वाचनालयाच्या दाराबाहेर जिल्हा कोर्टाचा व्हरांडा आहे.

व्हरांड्यात तीच बाकं, तीच पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली कोपऱ्यातली भिंत. सरांनी इथं तारखांवर तारखा काढल्यात. आतून शिपाई येतो आणि पुकारा करतो, जोतिराम घाडगे हाजिर हो. कुणी उठत नाही. शिपाई पुन्हा पुकारतो. सर आणि कॅप्टन एकाच बाकावर बसलेत, दोन टोकांना, आणि दोघंही आपापल्या पायांकडे बघतायत. पुकारा झाला की दोघांची मान आणखी खाली जाते. शिपाई शेवटचं पुकारून आत जातो आणि दार लावून घेतो.

मग सरांचा बांध फुटतो. इतक्या वर्षांचं साचलेलं ते बोलून टाकतात. म्हणतात, मी गावोगाव हिंडलो, पदरचं खाल्लं, माझ्या बायकोनं एकाही उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात नवरा बघितला नाही. कशासाठी? खरं काय ते लिहिलं जावं म्हणून. आणि तुम्ही काय केलंत? "दगडाला हार घातलेत आणि माझ्या तोंडावर शाई घातलीत."

कॅप्टन फेटा काढून मांडीवर ठेवतात. डोकं टकलं आहे, आणि फेट्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसायला लागतात.

"शाई फेका असं मी कुणाला सांगितलं नव्हतं," ते म्हणतात. "फेकू नका असंही सांगितलं नाही. बघत उभा होतो. त्याचं मला वाईट वाटलं."

सरांना हे जिवंतपणी ऐकायला मिळालं असतं तर किती बरं वाटलं असतं. आत्ता त्याचाही राग येतो. ह्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

कुठूनतरी मटण शिजल्याचा वास सुटलाय. बाकाखालची फरशी संपून माती लागलेली आहे. हे खडकवणीच्या शाळेचं मैदान. तिकडं झेंड्याचा खांब, तिकडं पाण्याची टाकी, मधे काळा दगड. दगडामागं शाळेची इमारत असायला हवी, तिथं नदी वाहतेय, रुंद, मातकट, आणि पलीकडे टेकड्यांवर धुकं उतरतंय. सरांनी ही नदी कधी पाहिलेली नाही, पण ती कुठली ते त्यांना बरोबर कळतं. दिवस मावळायला आलाय. मैदानावर खाकी कपड्यातल्या पोरांची पंगत बसलीय, मांडीवर ॲल्युमिनियमच्या थाळ्या घेऊन. सर जवळ जाऊन बघतात. हा गोळेवाडीचा आबा. हा किसन माने, ज्याला मोतीबिंदू झाला होता आणि जो मटण हा शब्द उच्चारताना लहान पोरासारखा हसला होता. सगळे सरांचे साक्षीदार, आणि एकाच्याही ओठावर धड मिशी नाही. खाली मान घालून जेवतायत. सर नावं घेऊन हाका मारतात, कुणी वर बघत नाही.

पंगतीच्या टोकाला दोन थाळ्या झाकून ठेवलेल्या आहेत. त्यांच्यासमोर माणसं नाहीत.

सर त्या थाळ्यांकडे बघत राहतात. एक जोतिरामची असणार, तो बाहेर गेलाय. दुसरी कुणाची?  इतक्या म्हाताऱ्यांना त्यांनी इतक्या वेळा विचारलं, जेवलात काय. कोण जेवलं नव्हतं, हे कधी विचारलं नाही.

ते वळतात. कॅप्टन दगडाला टेकून उभे आहेत.

"कॅप्टनसाहेब, दसऱ्याला तुम्ही काय जेवलात?"

"मी नाही जेवलो," कॅप्टन म्हणतात. "माझा पहारा होता."

पंगतीतला चमच्यांचा, थाळ्यांचा आवाज चालूच आहे. सर उभ्याचे खाली बसतात. इतकी वर्षं ज्याचं नाव ते शोधत होते तो माणूस त्यांना पत्रं लिहीत होता, त्यांच्याच बाकावर बसून पुकारा ऐकत होता. त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नाही. 

"आणि तो? तो कशाला गेला होता बाहेर?"

कॅप्टन त्यांच्याकडे असे बघतात, जसं परीक्षेत सोप्यातलं सोपं चुकवणाऱ्या पोराकडे सर स्वतः बघायचे.

"तुम्ही मराठ्याच्या घरचे ना, धुमाळ? दसऱ्याला दिवस मावळताना आपला माणूस वेशीबाहेर कशाला जातो?"

सर तोंडावर हात ठेवतात. सोनं आणायला. सीमोल्लंघन करायचं, आपट्याच्या फांद्या तोडायच्या, परत येऊन देवाला आणि वडीलधाऱ्यांना पानं द्यायची, गळाभेट घ्यायची. सर स्वतः पोरपणापासून दर दसऱ्याला गेलेत. दसऱ्याचं बकरं त्यांनी शोधून काढलं, कुणी किती तुकडे खाल्ले तेसुद्धा लिहून घेतलं. सोन्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

पुढचं कॅप्टन न थांबता सांगतात, कुणीतरी पाठ करून घेतल्यासारखं. आपटा तिकडं कुठला असणार, पण जोतिरामला वाटलं असणार, पान म्हणजे पान, सोन्याशिवाय बकरं खाल्लं तर तो दसरा कसला. कुणाला न सांगता गेला, सगळ्यांना एकदम द्यावं म्हणून. पिसाळ त्यानंतर पहाऱ्यावर उभा राहिला, त्याला ठाऊकच नव्हतं. अंधारून आलेलं, धुकं आलेलं. आणि त्या आठवड्यात साहेबानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की शत्रू अंगाला फांद्या बांधून येतो.

"झाड चालत आलं, धुमाळ. मी गोळी घातली. जवळ जाऊन बघतो तर हा. कवळाभर फांद्या, छातीशी धरलेल्या."

फांद्या पिसाळनं नदीत सोडून दिल्या. बाकीचे धावत आले तेव्हा नुसता जोतिराम पडलेला होता. अंधारात ओळख पटली नाही, असं सगळ्यांनी धरलं आणि तोंडं मिटली. गोळी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक. तो कशासाठी गेला होता, ते पिसाळ सोडून कुणालाच नाही.

"गोळी मी घातली, तर निदान मरण तरी बरं द्यावं म्हटलं," कॅप्टन दगडावरून हात फिरवत म्हणतात. "म्हणून हल्ल्यात गेला असं लिहून घेतलं. ते तुम्ही खोडलंत. खोडा, ते खोटंच होतं. पण तुम्हाला मोकळी जागा दिसली आणि तुम्ही तिथं दारू आणून ठेवलीत. मी त्याला एकदा मारला होता. दुसऱ्यांदा मारलेला मला बघवला नाही."

"मग सांगायचं होतंत! एका वाक्यात सांगता आलं असतं तुम्हाला. मी काढलं असतं ते."

"आणि सगळ्यांना कळलं असतं, सोनं आणणाऱ्यावर गोळी कुणी घातली ते. कोंडाच्या घरी मी दर दसऱ्याला जातो. जात होतो. पहिलं सोनं ती मला देते."

 मग सरांच्यातला मास्तर जागा होतो, आणि कधी व्हायचा ते तरी कळावं की नाही. ते म्हणतात, हे मला छापता येणार नाही. एकट्या माणसाच्या तोंडचं मी घेत नाही, पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलंय. आणि इथं तर माणूस मेलेला, आणि ऐकणारा झोपलेला. सांगताना त्यांना रडू फुटायच्या बेतात आहे. आयुष्यात पहिल्यांदा खरं हाताशी आलंय, आणि ते ठेवायला जागा नाही.

"दुसरा साक्षीदार हवा," ते म्हणतात.

"तो काय, येतोय," कॅप्टन म्हणतात.

सर नदीकडे बघतात. धुक्यात काहीतरी हलतंय. झुडूप आहे एक, माणसाएवढं, आणि ते सावकाश पुढं सरकतंय. सर कॅप्टनांना दाखवायला वळतात तर दगडाजवळ कुणी नाही. पंगत नाही, वास नाही. हातात जड काहीतरी आहे. बंदूक. सरांनी जन्मात बंदूक धरलेली नाही, पण ती खांद्याला बरोबर टेकलीय आणि गाल थंड लाकडाला लागलाय.

झुडूप जवळ येतंय. कोण आहे ते सरांना ठाऊक आहे. या जगात आत्ता फक्त त्यांनाच ठाऊक आहे. नुसती हाक मारायची, जोतिराम, एवढंच. ते सगळा जीव गोळा करून तोंड उघडतात आणि आवाज निघत नाही. जीभ टाळ्याला चिकटलेली. ते पुन्हा जोर लावतात, मानेच्या शिरा फुटायला येतात, आणि हू की चू होत नाही. फांद्यांमागून एक चेहरा दिसायला लागतो, फार कोवळा, कुणाला तरी चकित करायला निघालेल्या पोराचा असतो तसा. तो सरांना बघतो आणि हसतो. फांद्यांतला एक हात मोकळा करून पुढं धरतो. आणि सरांचं बोट, त्यांना न विचारता, आवळतं.

"अहो. अहो, उठा. फोन आलाय."

मालनताई दारात उभ्या आहेत. उन्हं कलून खिडकीच्या गजांवर आलीत. पंचा खाली पडलाय. खुर्चीवर कपड्यांचा ढीग तसाच, फरशी कोरडी. सर उठून बाहेरच्या खोलीत जातात आणि रिसीव्हर उचलतात.

प्रकाशक भला माणूस आहे, घाईत असतो. काय ठरलं, विचारतो. सर म्हणतात, ते वाक्य काढा.  मग तो म्हणतो, सर, लोक म्हणतील तुम्ही माघार घेतलीत. म्हणू देत, सर म्हणतात.

"मग त्या जागी काय घालू? तो कशाला गेला होता म्हणून लिहू?"

सर डोळे मिटतात. ओठांवर आलंय. एका वाक्याचं काम आहे. कुणी सांगितलं असं विचारलं तर? तळटीप कशी देणार? आणि कुणी सांगितलं, ते तरी त्यांना नक्की कुठं ठाऊक आहे. कॅप्टननं सांगितलं, की त्यांच्याच डोक्यानं दुपारच्या झोपेत जुळवलं? इतकी वर्षं बकऱ्यामागं फिरणाऱ्या डोक्याला सोनं सुचायला काय हरकत होती. पण सुचलेलं त्यांनी मागं एकदा छापलंय, आणि त्याचं काय झालं ते पायरीवर येऊन बसलं होतं.

"लिहा, तो हद्दीबाहेर का गेला, ते समजलेलं नाही," सर म्हणतात आणि फोन ठेवतात. ठेवताना दात ओठ खातात.

मालनताईंनी सगळं ऐकलंय. त्या चहा घेऊन येतात तेव्हा स्वतःचाही कप आणतात आणि समोर बसतात. सर त्यांना सांगतात, उद्या सकाळच्या गाडीनं खडकवणीला जाणार आहे. कोंडाबाईंकडे. छापता येत नाही, पण तिला सांगता येईल. स्वप्न म्हणूनच सांगेन, बाई ऐकेल. तिच्या भावाचं सांगायचं म्हणजे त्या दुसऱ्याचंही सांगावं लागणार, ज्याला ती दर वर्षी पहिलं सोनं द्यायची. ते कसं सांगायचं, हे विचारायला आता कुणी नाही. मालनताईंना यातलं अर्धंच कळतं. सर कप घ्यायला उजवा हात पुढं करतात आणि कळवळून मागं घेतात.

"काय झालं?"

"काही नाही. अवघडलाय."

ताई ऐकत नाहीत. बनियनची पट्टी बाजूला करतात. गळ्याच्या हाडाखाली, खांद्याच्या खळग्यात, तळहाताएवढा डाग आहे, निळाजांभळा, मधे काळपट, आणि एका बाजूनं सरळ रेघ मारावी तशी कड.

"हे कुठून आलं? अगबाई, आमच्या दादाला पलटणीत गेल्यावर पहिल्या गोळीबाराला अस्साच डाग पडला होता. बंदुकीचा दस्ता बसतो ना, तिथं." त्या आंबेहळद उगाळायला उठतात, आणि उठता उठता अंगठ्यानं डागावर जरा दाबून बघतात. "दुखतं का?"

"हो," सर म्हणतात.